पाणी निवळल्यावर : प्रस्तावना

पुणेकराला धरण कळतं ते टीएमसीत. जुलै उजाडला की खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ या क्षमता आणि त्यांपुढची रोजची टक्केवारी नारायण पेठेतल्या घराघरांत वाचली जाते. मुठेतला विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि वरची धरणं भरल्याची बातमी आमच्या दारापर्यंत येते. या पेठेची धरणाशी ओळख मात्र याहून जुनी आणि कडू आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेकाठच्या पेठांमधले वाडे पाण्यात गेले. पाणी कुठवर चढलं होतं हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी भिंतीवर हात टेकवून दाखवलेलं आमच्या पिढीने पाहिलं आहे.

त्याच पानशेतच्या, पुढे नव्याने बांधलेल्या धरणाच्या काठावर आम्ही काही जण वर्षानुवर्षं गळ घेऊन जातो. तिथे टीएमसीचा आकडा फारसा कामाला येत नाही. गळ टाकणाऱ्याला खोली हवी असते, आणि तीही एका ठरावीक जागेची. त्या उंबरापुढे किती परस पाणी आहे? तळाला गाळ आहे की खडक? ओढा जिथे धरणात उतरतो तिथे पाणी अजून तांबडं आहे की हिरवट झालंय? या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे. भाद्रपद सरताना पाऊस ओसरतो तिथपासून मार्गशीर्षातल्या गारठ्यापर्यंत, पुण्याभोवतीच्या मोठ्या जलाशयांत काठावरून गळ टाकताना कोणतं आमिष निवडावं आणि ते पाण्यात कसं चालवावं, हे तिच्यात सांगितलं आहे. सगळ्या पानांमधून एकच म्हणणं पुन्हा पुन्हा येईल: आधी पाणी वाचा, मग डबा उघडा. हौशी मासेमारांचे डबे हल्ली फार मोठे झाले आहेत आणि पाण्याकडे बघण्याची सवय त्या मानाने लहान राहिली आहे, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

या विषयावर वाचायला गेलं तर बहुतेक मजकूर अमेरिका-कॅनडातल्या सरोवरांचा सापडतो, आणि शरद ऋतूतला म्हटला की वॉलाय या माशाचा. वॉलाय हा तिकडच्या गार, विस्तीर्ण सरोवरांतला शिकारी मासा. मिनेसोटाने १९६५ मध्ये त्याला राज्याचा मासा ठरवलं. ईरी सरोवर तर त्याच्यासाठीच ओळखलं जातं. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा एक पडदा असतो. त्यामुळे अंधुक उजेडात, लाटांनी ढवळलेल्या पाण्यात त्याला त्याच्या भक्ष्याहून जास्त दिसतं आणि तो संध्याकाळी, रात्री शिकारीला निघतो. तिकडे शरदात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि उन्हाळाभर थर धरून राहिलेलं सरोवर तळापर्यंत ढवळून निघतं. मग शिशाच्या डोक्याची जिग होडीच्या बरोबर खाली सोडून हलवायची, किंवा अंधार पडल्यावर लांबट क्रँकबेट होडीमागे सावकाश ओढत न्यायचं, हे तिथल्या लोकांचं पिढीजात ज्ञान आहे. त्या देशांत स्थायिक झालेली आपली मुलं-भाचरं सुट्टीत येताना तिकडची आमिषं आणि तिकडचे सल्ले दोन्ही घेऊन येतात.

आमिषं चालतात. सल्ले जसेच्या तसे चालत नाहीत, कारण आपला शरद वेगळा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला तो पुन्हा ऊन तापण्याचा काळ असतो. पावसाळाभर ओढ्यानाल्यांचा गढूळ लोंढा धरणाला ढवळत राहतो. हस्ताचा पाऊस संपतो, चित्रातलं ऊन पडतं, वारा थांबतो. गाळ खाली बसू लागतो आणि वरचं पाणी तापतं. म्हणजे तिकडे पाण्याचे थर मोडतात त्याच सुमाराला आपल्याकडे ते काही आठवडे पुन्हा धरू लागतात. आपली धरणं खऱ्या अर्थाने वरखाली होतात ती पौष-माघाच्या थंडीत. परदेशी पुस्तकातला ऑक्टोबर उचलून पानशेतच्या ऑक्टोबरवर ठेवला तर माणूस खोल पाण्यात जिग हलवत बसतो आणि मासा त्याच्या मागे, उतारावरच्या कमरभर पाण्यात अळकुटीसारख्या बारीक माशांचा पाठलाग करत असतो.

गळाची ही विद्या आपल्याकडे साहेबाबरोबर आली, असा एक समज आहे. त्याला उत्तर बाराव्या शतकात आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. ते कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. राजाच्या करमणुकींच्या वर्णनात त्याने ‘मत्स्यविनोद’ असा एक स्वतंत्र भाग गळाच्या मासेमारीला दिला. विसाव्या शतकाच्या मध्याला मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यावर सविस्तर लिहिलं, तेव्हा अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं. त्यात समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय खायला आवडतं, हे आधी येतं. मग ठरलेल्या जागी खाऊ घालून मासा सवयीचा करण्याचा भाग येतो. दोरी, काठी आणि गळ यांचंही वर्णन आहे. मला या मांडणीत फार मोठं शहाणपण दिसतं: मासा आधी, त्याचं अन्न त्यानंतर, हत्यार सगळ्यांत शेवटी. आजच्या दुकानात शिरणारा माणूस नेमका उलटा जातो.

पुण्याच्या पाण्यातल्या माशांची पहिली शास्त्रीय यादी लष्करी अधिकारी कर्नल विल्यम सायक्स यांच्या नावावर आहे. १८२४ ते १८३१ या काळात ते मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होते. त्यांनी भीमा आणि मुळा-मुठेतले मासे गोळा केले, चितारून घेतले आणि काठावरच्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिन पोशाखात शास्त्राला दिली. महसीराची दख्खनी जात ‘टॉर खुद्री’ त्यांनी नोंदवली ती पुण्याच्या पूर्वेला वाहणाऱ्या मुळा-मुठेतून. शिंगाळ्याच्या शास्त्रीय नावातही ‘सिंघाला’ आहे. त्यानंतर १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर लिहिलं, आणि अलीकडे पुण्यातल्याच प्राणिशास्त्रज्ञांनी त्या जुन्या याद्या हातात घेऊन नद्या पुन्हा तपासल्या. सांडपाणी, बंधारे आणि बाहेरून आलेले मासे यांनी शहरातल्या पात्राचं काय केलं हे त्यांच्या कामातून स्पष्ट होतं. नारायण पेठेच्या घाटावर उभं राहून महसीर धरण्याचे दिवस गेले. म्हणून ही पुस्तिका वरच्या धरणांबद्दल बोलते.

आता मुख्य गोष्ट, तळाची.

आपले मोठे तलाव नैसर्गिक नाहीत. पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, उजनी ही सगळी माणसांच्या गावांवर चढलेली पाणी आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी केलेला सत्याग्रह पुण्याला विसरता येत नाही. पवनेच्या पाण्यातून उन्हाळ्यात वाघेश्वराचं देऊळ वर येतं, उजनीत पळसदेवचं. या देवळांबरोबर आणखी बरंच काही वर येतं: शेताच्या ताली, विहिरींचे कठडे, बैलगाडीची जुनी वाट, ओढ्याचं मूळ पात्र, आंब्याची वठलेली खोडं. मासा हे सगळं ओळखून असतो. सपाट गाळाच्या तळावर त्याला थारा नसतो. दगडी तालीच्या सावलीच्या बाजूला तो उभा राहतो, ओढ्याच्या बुडालेल्या पात्रातून तो वर-खाली करतो, विहिरीच्या तोंडाशी दबा धरतो.

यासाठी ज्याला अश्विनात मासा हवा आहे त्याने वैशाखात धरणावर जावं, ही या पुस्तिकेतली सगळ्यांत महत्त्वाची सूचना आहे. पाणी उतरलेलं असताना काठाने चालावं. कुठे ताल आहे, किती उंच, कुठून सुरू होऊन कुठे संपते, काठावरचं कोणतं झाड तिच्या सरळ रेषेत येतं, हे कागदावर काढून घ्यावं. मोबाइलवर फोटो काढणं सोपं आहे, पण हाताने काढलेला नकाशा डोक्यात राहतो. मग धरण भरल्यावर त्याच झाडाखाली उभं राहिलं की समोरच्या कोऱ्या पाण्यात ताल दिसू लागते.

आणि स्थानिक माणसाला विचारावं. पानशेतच्या काठावर गुरं राखणाऱ्या एका आजोबांनी आमच्यातल्या एकाला हटकलं होतं, ते इथे नोंदवायला हवं. तो जोर लावून चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, दूर फेकत होता. आजोबा म्हणाले, “दादा, तिकडं कशापाई टाकताय? तिथं निसता गाळ हाय. ह्या अंगाला टाका. हितं आमची ताल व्हती, तिच्या खालनं पाट जायाचा.” त्यांनी काठीने दाखवलेली रेघ काठापासून फार लांब नव्हती. तो पाट त्यांच्या वडिलांनी खणलेला होता. आपण ज्याला तळाची रचना म्हणतो ती कुणाची तरी शेती होती, हे गळ टाकणाऱ्याने जाणून असावं. त्या माणसाशी बोलताना आवाजात अदब असावी, आणि मासा मिळाला तर त्याच्या घरी आधी द्यावा.

तळ कळला की आमिषाची निवड सोपी होते. आमचा क्रम असा आहे: आधी खोली, मग वेग, मग आकार, आणि रंग सगळ्यांत शेवटी. दुकानात हा क्रम उलटा असतो, कारण काचेआडून फक्त रंग दिसतो.

खोली म्हणजे आमिष नेमक्या कोणत्या पातळीवरून जाईल हे ठरवणं. क्रँकबेटच्या तोंडाला असलेली पारदर्शक जीभ जितकी लांब तितकं ते ओढताना खोल जातं. पाकिटावर लिहिलेली खोली मात्र जाड दोरीने कमी होते, बारीक दोरीने वाढते. धातूचा चमचा मुळात बुडतो, म्हणून त्याची खोली आपल्या हातात असते. खोली माहीत असलेल्या जागी तो सोडून मनात अंक मोजावेत, दोरी ढिली पडते तो क्षण म्हणजे तळ. तो अंक त्या चमच्याचा. पुढे तालीवरून न्यायचा असेल तेव्हा त्याहून दोन-तीन अंक आधीच गुंडाळायला सुरुवात करावी. जिग सगळ्यांत खोल जाते. ती तळावर टेकवायची, काठीचं टोक हातभर उचलायचं, पुन्हा पडू द्यायची. मासा बहुतेकदा ती पडत असताना घेतो, आणि ते कळतं ते दोरीच्या एका बारीक थरथरीतून किंवा ती अवेळी ढिली पडल्यावरून. यासाठी काठीवर तर्जनी दोरीला टेकवून ठेवायची सवय लावावी.

वेगाची गोष्ट लॉरी रापाला या फिनलंडच्या मच्छीमाराकडून शिकण्यासारखी आहे. पाइयान्ने सरोवरावर जाळी आणि गळ लावताना त्याने पाहिलं की शिकारी मासा अळकुटीएवढ्या माशांच्या थव्यावर जातो तेव्हा नेमका तोच मासा उचलतो जो किंचित वाकडा, डळमळत पोहतोय. १९३० च्या दशकात त्याने बुचाच्या लाकडातून एक मासा कोरला, त्याला चॉकलेटची चंदेरी वेष्टनं गुंडाळली आणि तो तसाच डळमळेल असा केला. आज जगभर विकल्या जाणाऱ्या एका मोठ्या आमिष-उद्योगाची सुरुवात ती होती. यातला धडा हालचालीचा आहे. प्रत्येक आमिषाचा एक वेग असतो. त्याहून हळू ओढलं तर ते मेल्यासारखं येतं, त्याहून जोरात ओढलं तर गिरक्या घेतं. पायाशी, स्वच्छ पाण्यात ते आधी ओढून बघावं आणि ते जिवंत वाटेल तो वेग हाताला लावून घ्यावा. अश्विनात पाणी उबदार असतं, मासा चपळ असतो, वेग जरा जास्त चालतो. कार्तिक सरता सरता पहाटे काठावर धुकं धरायला लागलं की वेग निम्म्यावर आणावा आणि मधूनमधून थांबावं. ओढ त्या थांबण्यातच लागते.

आकारासाठी काठावरच्या उथळ पाण्यात पाच मिनिटं टक लावून बघणं पुरे. तिथे पळणारी अळकुटी, काचेसारखे चांदे, चिलापीची पिल्लं केवढी आहेत? तेवढंच आमिष. पावसाळा नुकताच संपलेला असताना ही पिल्लावळ बोटाच्या दोन पेरांएवढी असते; तेव्हा वीतभर आमिष टाकणं व्यर्थ आहे.

राहिला रंग. तो पाण्याच्या गढूळपणाशी बांधलेला आहे. पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि दिसेनाशी होईल ती खोली मोजावी. इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये समुद्रावर केलेला हा प्रयोग आजही जगभर याच पद्धतीने होतो. ताटली हातभरात नाहीशी झाली तर रुपेरी रंगाचा काही उपयोग नाही. तिथे तांबूस-सोनेरी, नाहीतर सरळ काळा घ्यावा, आणि गरगर फिरणाऱ्या पात्याचा स्पिनर वापरावा. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जाणारी पार्श्वरेषा पाण्यातली थरथर ओळखते. गढूळ पाण्यात तो डोळ्याआधी तिच्यावर विसंबतो. ताटली दोन हातांपुढे दिसू लागली की रुपेरी चमचा काढावा. स्वच्छ पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विरतो, खोलवर तो काळपटच दिसतो; म्हणून लाल ठिपक्यांसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

माशांबद्दल थोडं. कटला, रोहू, मृगळ हे आमिषाच्या मागे धावणारे मासे नाहीत. त्यांच्यासाठी कणकेचा गोळा, शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा ही वेगळी आणि सुंदर विद्या आहे. मुंबईत पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या लोकांनी ती जोपासली आहे. ही पुस्तिका त्यात शिरत नाही.

मरळ गवताळ, उथळ कोपऱ्यात राहतो. त्याला हवेतून श्वास घ्यावा लागतो. शांत सकाळी पाण्याचा एक मंद उमाळा दिसतो, बुडबुडा फुटतो, आणि तो कुठे आहे हे कळतं. त्याच्या पुढे दोन-तीन हातांवर पोकळ रबरी बेडूक टाकावा, ज्याचे गळ पाठीला चिकटलेले असतात म्हणून तो गवतात अडकत नाही. मरळाने बेडकावर झडप घातली की लगेच हिसका देऊ नये. त्याला तोंड मिटून वळू द्यावं. इथे एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. पावसाळ्यात आणि कधी त्यानंतरही मरळाची लालसर पिल्लं थव्याने पाण्याच्या वर येतात आणि त्यांच्याखाली आईबाप पहारा करत असतात. त्या थव्यात बेडूक टाकला की मोठा मासा हमखास येतो. तो भुकेने येत नाही, पिल्लं वाचवायला येतो. त्याला तिथून काढलं की सगळा थवा काही वेळात इतर माशांच्या पोटात जातो. असा मासा धरण्यात कसलंही कौशल्य नाही आणि आमच्या गटात ते चालत नाही.

शिंगाळा रात्रीचा, तळाचा, मिश्यांनी चाचपत फिरणारा. त्याला चमचा क्वचितच लागतो. ओढ्याच्या बुडालेल्या पात्रात तळाशी ठेवलेली कोळंबी किंवा माशाचा तुकडा हेच त्याचं आमिष. गळ काढताना त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांतल्या दातेरी काट्यांपासून हात जपावा.

महसीराबद्दल जास्त लिहावं लागेल. पावसाळ्यात तो ओढ्यांच्या तोंडाशी, नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालायला चढतो, आणि पाणी ओसरलं की थकून, भुकेला होऊन धरणात उतरतो. म्हणून अश्विन-कार्तिक हा त्याचा खरा हंगाम. तो अळकुटी खातो, खेकडे खातो, काठावरच्या उंबराची पडलेली फळंही खातो. उंबराखाली पाण्यात ‘टुपुक’ आवाज होत असेल तर तिथे थांबावं. त्याच्या तोंडात दात नसतात, ते घशात असतात, आणि त्याच्या जबड्याचा दाब इतका की हलके गळ सपाट होतात. म्हणून बोटभर लांबीचा जाड पत्र्याचा चमचा, त्याला मजबूत एकेरी गळ. ओढा धरणाला मिळतो तिथे, तांबडं आणि हिरवं पाणी भेटतं त्या रेघेवरून तो तिरका ओढावा. महसीराची पहिली धाव सरळ खोल पाण्याकडे असते आणि तेव्हा रिळाची पकड घट्ट असेल तर दोरी तुटते. ती आधीच सैल ठेवावी आणि धावू द्यावं.

हा मासा आज आपल्या धरणांत दिसतो त्याचं मोठं श्रेय लोणावळ्याला आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास टाटांच्या वळवण तलावावर ‘टॉर खुद्री’चं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं, पुढे शशांक ओगले यांनी ते काम वाढवलं. तिथली बोटुकली महाराष्ट्रातल्या आणि इतर राज्यांतल्या पाण्यांत सोडली गेली. एके काळी संकटग्रस्त मानलेली ही जात आता त्या यादीतून बाहेर आली आहे. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही हौशी मासेमाराला माहीत हवी. कावेरीत सोडलेला हा आपला निळ्या परांचा महसीर तिथे इतका वाढला की तिथला मूळचा नारिंगी परांचा, पाठीला वशिंड असलेला महसीर मागे हटत गेला. त्या माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. चांगल्या हेतूनेसुद्धा मासा एका नदीतून दुसऱ्या नदीत नेताना विचार लागतो. आपल्यापुरता याचा अर्थ असा की एका धरणातला मासा, मग तो आमिषासाठी नेलेला छोटा का असेना, दुसऱ्या धरणात सोडू नये. थाई मांगूर आणि चिलापीने काय केलं ते आपण पाहतोच आहोत.

महसीर धरला तर सोडावा, असा आमचा आग्रह आहे. गळाचं उलटं टोक पक्कडीने दाबून सपाट करून ठेवावं, म्हणजे तो ओला हात लावून, पाण्यातच ठेवून मोकळा करता येतो. कल्ल्यात बोट घालून उचलणं आणि छायाचित्रासाठी वाळूत आडवा ठेवणं, दोन्ही टाळावं. थकलेला असेल तर तोंड प्रवाहाकडे करून शेपटीजवळ हलकं धरावं. तो स्वतः जोर करून निघेल तेव्हाच हात सोडावा.

परवानगीचं टाळून चालणार नाही. धरणं जलसंपदा विभागाची, काही टाटा पॉवरची. त्यांतल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्या संस्थेतल्या भोई आणि कोळी कुटुंबांचं पोट त्या पाण्यावर आहे, आपली रविवारची आवड आहे. त्यांना विचारल्याशिवाय, त्यांची फी भरल्याशिवाय गळ टाकू नये, आणि त्यांच्या फाशांच्या जाळ्यांवरून चमचा ओढू नये. खडकवासल्याचं पाणी आपण पितो. शिशाच्या बुड्या आणि तुटलेलं तंगूस त्यात सोडून येणं म्हणजे स्वतःच्या हंड्यात टाकणं. आपल्या धरणांच्या काठाचा गाळ वरून घट्ट आणि आतून पोकळ असतो. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तर फारच. एकट्याने जाऊ नये, गमबूट घालून पाण्यात उतरू नये, आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट अंगात असावं. दर वर्षी या काठांवर जीव जातात आणि ते सगळे टाळता येण्यासारखे असतात.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक धरणाचा तळ, तिथली पाण्याची चढउतार आणि महिन्याप्रमाणे आमिषं दिली आहेत. खडकवासल्यात पानशेत-वरसगावचं पाणी येत-जात असल्याने पातळी सतत हलते, म्हणून त्याचं प्रकरण वेगळं आहे. उजनी इतकी पसरट आणि उथळ आहे की तिथे वरचे काही नियम बदलतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी तीनच आमिषं घ्यावीत: बोटभर लांबीचा एक चमचा, एका बाजूने रुपेरी आणि दुसऱ्या बाजूने तांब्याचा, पोकळ रबरी बेडूक, आणि दहा-बारा ग्रॅमची जिग, करड्या रबरी शेपटीची. धरण एकच निवडावं, आणि त्यातलीही एकच खाडी, जिथे ओढा उतरतो आणि बुडालेली ताल आहे. तीच जागा हस्तात, चित्रात, स्वातीत आणि मग थंडीत पुन्हा पुन्हा बघावी. मासा लागो न लागो, पाण्याचा रंग, ताटली किती खोल दिसली, चमचा कितव्या अंकाला तळाला लागला आणि काठावरची पिल्लं केवढी होती, हे घरी आल्यावर त्याच रात्री लिहून ठेवावं. वहीची कोरी पानं त्यासाठी शेवटी जोडली आहेत.

नारायण पेठ, पुणे ३०
घटस्थापना